शनीच्या खात्यातला जावई

मी अमेरिकेत नेमकं काय काम करतो, हे आईला समजावून सांगायचा प्रयत्न मी आयुष्यात एकदाच केला. त्यातून जे सुरू झालं ते माझ्या लग्नापर्यंत जाऊन पोचलं.

माणूस चंद्रावर उतरला, त्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा होता. मी बऱ्याच वर्षांनी मालवणला आलो होतो, रजा जेमतेम महिन्याभराची. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. मामांनी पोस्टातल्या पगारावर स्वतःचा संसार चालवून मला मुंबईला इंजिनियर केलं, पुढे अमेरिकेला जायच्या बोटीत बसवलं. तिथे शिकून मी एका प्रयोगशाळेत लागलो. ती प्रयोगशाळा आकाशात यानं सोडायची. माणूस नसलेली, नुसती यंत्रं आणि रेडिओ घेऊन जाणारी. शुक्राकडे, मंगळाकडे त्यांनी यानं धाडली होती आणि आता गुरू, शनी आणि त्यांच्याही पलीकडे जायचा विचार चालला होता. त्या यानांची वाट आखणाऱ्या खात्यात मी होतो.

आई मागच्या पडवीत सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसली होती. म्हणाली, "बाजारात सगळे विचारतत, झिल थंय करता काय म्हणान. मी तेंका काय सांगू?"

मी पाट ओढून तिच्यासमोर बसलो आणि सांगायला लागलो. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तेचा इंजिन किती दिवस चालता?"

"दिवस खंयचे? थोडी मिनटां. मगे बंद."

"आणि पुढे?"

"पुढे वर्षानुवर्षां तसाच जाता."

"म्हणजे ढकलून देतत आणि बघीत रवतत."

मी जे शिकलो होतो ते एवढ्यात आटोपलं, याचं मला जरा वाईट वाटलं. म्हणून मी पुढचं, कठीण वाटणारं सांगायला घेतलं. शनी फार लांब आहे. थेट तिकडे यान फेकायचं तर तेवढा जोर कुठल्याच रॉकेटात नाही. म्हणून यान आधी गुरूच्या बाजूनं न्यायचं. गुरू प्रचंड मोठा, तो यानाला स्वतःकडे ओढतो. वेळ बरोबर साधली तर यान त्याच्यावर न आपटता बाजूनं वळतं आणि दुप्पट वेगानं शनीच्या दिशेला फेकलं जातं. हे सगळं आईला कळेल अशा भाषेत आणायचं म्हणून मी म्हटलं, "गुरूचा बळ नाय मिळाला तर शनीपर्यंत पोचणा कठीण. आणि गुरूचा बळ कायम नसता. वेळ साधूक होयी."

आईचे हात थांबले. "ताच मी दोन वर्षां सांगतंय," ती म्हणाली. "गुरूबळ आसा तवसर लगीन करून घे."

मी काय बोललो ते माझ्या ध्यानात आलं, पण तोपर्यंत उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मासळी बाजारात गेली आणि तिथे तिनं सांगितलं, की आपला मुलगा ग्रहांच्या कामात आहे. गुरू आणि शनी, दोन्ही त्याच्याकडे. दुपारी पहिली पत्रिका आली. शेजारच्या काकू पदराखाली गुंडाळी घेऊन आल्या होत्या. त्यांचा मुलगा मॅट्रिकला पुन्हा नापास झाला होता.

"काकी, माका पत्रिका वाचूक येणा नाय," मी म्हटलं.

"मगे ग्रहांचा करतंस काय?"

"तेंच्याकडे यान धाडतंव."

त्यांनी गुंडाळी पुन्हा पदराखाली सारली. मग म्हणाल्या, "तर मगे शनीक येक निरोप धाडशीत? अभ्यास करता रे तो. परीक्षेत तेका आठवणा नाय, एवढाच."

त्या आठवड्यात पडवीतली बाकं भरायला लागली. मी प्रत्येकाला सांगत होतो, की मी ज्योतिषी नाही. अडचण अशी, की मी जे जे खरं सांगायचो ते त्यांना आधीच ठाऊक असलेलं निघायचं. शनी हळू चालतो म्हटलं की सगळ्यांच्या माना हलायच्या. त्याला सूर्याभोवती एक फेरी करायला जवळजवळ तीस वर्षं लागतात म्हटलं, तर काथ्याचा व्यापार करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तिथल्या तिथे बोटांवर मोजलं. तीस वर्षांत बारा राशी, म्हणजे एका राशीला अडीच वर्षं, आणि तीन राशींची साडेसात. "म्हणजे साडेसाती अमेरिकेतसून पण तितकीच भरता," असं म्हणून तो फार समाधानानं घरी गेला. हिशेब बरोबर होता.

या सगळ्यात मामा दुखावले होते, हे मला मागाहून कळलं. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्यांनी पंचांग हातात घेतलं होतं. मुहूर्त, हरवलेली म्हैस, मुंबईतल्या मुलाची बढती, असं सगळं ते बघायचे. त्या आठवड्यात त्यांच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. शेवटी एका सकाळी ते स्वतःच आले. कोट घालून आले, म्हणजे काम सरकारी होतं.

"राहू-केतूकडे यान कधी सोडतलात?" त्यांनी विचारलं.

"मामा, राहू-केतू हे ग्रह नव्हेत. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेक जंय छेदता, ते दोन बिंदू."

"ते बिंदू तुमी हिशोबात धरतात काय नाय?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. असे बिंदू धरल्याशिवाय कुठल्याच वाटेचं गणित होत नाही. "धरतंव," मी म्हटलं.

मामा आईकडे वळले. "आयकलंस? अमेरिकेत राहू-केतू धरतत." मी इंजिनियर झाल्याची तार त्यांनी ज्या आवाजात वाचून दाखवली होती, त्याच आवाजात ते बोलले. त्या दिवसापासून ते दुपारी माझ्या शेजारी बाकावर बसायला लागले. मी ग्रह कुठे आहे ते सांगायचो, आणि त्यावर काय करावं ते मामा सांगायचे. आम्हा दोघांचं चांगलं जमलं.

एकदा मी त्यांना म्हटलं, की आणखी काही वर्षांनी गुरू, शनी आणि त्यांच्यापलीकडचे दोन ग्रह अशा रीतीनं एका अंगाला येणार आहेत, की एकच यान एकाकडून दुसऱ्याकडे फेकलं जात चौघांनाही भेटून येऊ शकेल. असं पावणेदोनशे वर्षांतून एकदाच होतं. आमचं खातं त्याच्यामागे लागलं होतं आणि सरकार पैसे देईल की नाही याची सगळ्यांना धास्ती होती.

मामांनी मला नीट न्याहाळलं. मग म्हणाले, "आणि मेल्या, असल्या योगार तू बिनलग्नाचो रवलंस."

त्यांच्या कोटाच्या खिशात स्थळ तयारच होतं. मुलगी वालावलची. मॅट्रिक होऊन गावच्या शाळेत शिकवत होती. घरची भातशेती, काजूची बाग. पत्रिकेत मात्र शनी सप्तमात, म्हणजे बरोबर लग्नाच्या घरात येऊन बसलेला. त्यामुळे आलेली स्थळं परत गेली होती. मुलीच्या वडिलांच्या कानावर मासळी बाजारातली बातमी पोचली होती, की मालवणात शनीच्या खात्यातला एक मुलगा रजेवर आला आहे. त्यांनीच मामांना निरोप धाडला.

आई, मामा आणि मी एस.टी.नं निघालो, पुढे होडीतून खाडी ओलांडली आणि लक्ष्मीनारायणाच्या देवळावरून चालत त्यांच्या घरी पोचलो. मे महिना होता. अर्ध्या खळ्यात चटयांवर आमसुलं वाळत घातली होती. कोकमाच्या रसाचं पुट नुकतंच दिलेलं होतं, त्यामुळे अंगणाला लाल ओला रंग आला होता. मुलीची आत्या, अंगानं चांगली भरलेली, काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. आम्ही आलो तरी तिनं काठी सोडली नाही.

मुलीचे वडील माझ्याशी कचेरीतल्या मराठीत बोलत होते. "आपलं कार्यालय शनीच्या अखत्यारीत येतं असं ऐकलं."

मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. यान म्हणजे काय, वाट आखणं म्हणजे काय. मी ज्योतिषी नाही आणि शनीवर माझा काही अधिकार चालत नाही. ते अतिशय लक्षपूर्वक ऐकत होते. शेवटी म्हणाले, "समजलं. मग मुलीच्या शनीचं आपण पाहालच."

मुलगी गऱ्यांचं ताट ठेवून समोर बसली. आईनं शिवणकाम येतं का विचारलं, मामांनी शाळेबद्दल विचारलं. मग मामा मोठेपणानं म्हणाले, "तुका कायव विचारूचा आसा तर विचार, चेडवा." मी पगाराचा आकडा मनात तयार ठेवला.

तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "ते वाटेत चुकलं तर?"

दोन आठवड्यांत इतकी माणसं पडवीत येऊन गेली होती, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"चुकतंच," मी म्हटलं. "नेमक्या दिशेला, नेमक्या जोरानं ढकलणं कुणालाच जमत नाही. म्हणून त्याच्यात एक छोटं इंजिन ठेवतात. किती चुकलं ते मोजायचं आणि एक लहानसा धक्का द्यायचा. लवकर दिला तर एवढासा पुरतो. उशीर केला तर कितीही मोठा दिला तरी पुरत नाही."

"चुकलं ते दिसतं तुम्हाला?"

"दिसत नाही. त्याच्या रेडिओचा सूर ऐकू येतो. तो थोडा चढतो, थोडा उतरतो, त्यावरून काढायचं. आणि हुकूमही रेडिओनंच. गुरूजवळ असेल तर हाक पोचायला पाऊण तास आणि त्याची 'ओ' परत यायला पाऊण तास."

"म्हणजे तुम्हाला ऐकू येतं तेव्हा ते पुढे गेलेलं असतं."

"हो."

"आणि त्याला तुमचं ऐकू येतं तेव्हा आणखी पुढे."

"हो," मी म्हटलं. गरे खायचे राहून गेले होते.

वडिलांना हे संभाषण आवडलं होतं, पण पटलं नव्हतं. उत्साहाच्या भरात त्यांची कचेरीतली मराठी सुटली. "ह्या काय माझ्या डोक्यात शिरणा नाय. करून दाखवा बघू."

करून दाखवायचं तर यान हवं. मी आजूबाजूला बघत होतो, तेवढ्यात मामा उठून उभे राहिले. "मी होतंय यान," ते म्हणाले. सरकारी नोकरीत त्यांनी कुठलीच जागा कधी नाकारली नव्हती.

आम्ही खळ्यात उतरलो. घराची पायरी ही पृथ्वी. अंगणाच्या पार टोकाला, पेंढ्याच्या उडवीजवळ मुलीचे वडील शनी म्हणून उभे राहिले. शनीचा रंग काळा म्हणून त्यांनी आपणहून छत्री उघडून डोक्यावर धरली. गुरू व्हायला मोठं माणूस हवं होतं आणि सगळ्यांचे डोळे एकदमच आत्याकडे गेले. आपल्या अंगाला कुणी हात लावायचा नाही या अटीवर ती अंगणाच्या मध्यभागी उभी राहायला कबूल झाली. मामांचे डोळे उपरण्यानं बांधले. त्यांनी आत्याच्या बाजूनं जायचं, तिथे वळायचं आणि शनीला गाठायचं. मी ओरडून काही सांगायचं नाही. हुकूम मुलीच्या कानात सांगायचा, तिनं चालत जाऊन तो मामांना पोचवायचा.

"धावत गेले तर चालेल?" तिनं विचारलं.

"नाही. रेडिओला घाई करता येत नाही."

मी मामांना खांद्यांना धरून दिशा दिली आणि ढकललं. जोर थोडा जास्त झाला असावा, कारण ते बऱ्यापैकी वेगानं निघाले. थोडे डावीकडे चालले होते. मी मुलीला सांगितलं, तिनं जाऊन त्यांना सांगितलं, आणि मामा बेताचे उजवीकडे वळले. दारात जमलेल्या बायका कौतुकानं बघत होत्या. आईनं शेजारच्या बाईला सांगितलं, की हेच काम तो तिकडे करतो.

इथपर्यंत सगळं ठीक झालं. पण खऱ्या यानाला स्वतःचं मत नसतं. मामांना होतं. आत्या मशेरी लावायची. तिचा वास मामांना लांबूनच आला आणि त्यांनी ठरवलं, की गुरू जवळ आला. "गुरू इलो," असं त्यांनी सगळ्यांना कळवलं आणि माझ्या हुकमाची वाट न बघता ते वळले. गुरू अजून बराच पुढे होता. मामा थेट आमसुलांच्या चटईवर चढले.

आत्या ओरडली. मामांचा पाय रसात सटकला आणि ते हळूहळू, जणू पाटावर बसावं तसे, आमसुलांत बसले. उठले तेव्हा धोतराचा मागचा भाग लालभडक झाला होता. मी "मामा, पुरे" म्हणणार होतो. पण त्यांनी डोळ्यांवरची पट्टी काढली नाही. ती नीट बसवून घेतली आणि पुन्हा चालायला लागले, या वेळी गोठ्याच्या दिशेनं.

मी घाईनं मुलीला म्हटलं, "थोडंसं डावीकडे सांगा."

तिनं मामांकडे बघितलं, गोठ्याकडे बघितलं. "मी तिथे पोचेपर्यंत ते म्हशीपाशी असतील," ती म्हणाली. "थोडंसं पुरणार नाही."

माझं उत्तर यायच्या आत ती निघाली होती. नेमलेल्या चालीनं गेली, जराही घाई केली नाही. तोपर्यंत मामा खरोखरच गोठ्याच्या दारात पोचले होते. तिनं मागे उभं राहून शांतपणे सांगितलं, "मामानू, पुरते पाठी फिरा. आता सरळ चला. मी सांगीपर्यंत चलाच."

मामांचा एव्हाना स्वतःच्या मतांवरचा विश्वास उडाला होता. ते मुकाट्यानं फिरले आणि चालत राहिले. आत्यानं लुगडं सावरून वाट दिली. मामा तिच्या बाजूनं गेले, मुलीनं मागून "आता उजवीकडे" म्हटल्यावर वळले, आणि दोन्ही हात पसरून शनीला मिठी मारली. छत्रीची एक काडी मोडली. वडील "पोचलात, पोचलात" म्हणत त्यांना थोपटत राहिले.

मला इतका आनंद आमच्या खात्याचं यान मंगळाजवळून गेलं तेव्हाही झाला नव्हता. दारातल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी मुलीकडे बघत होतो. आमच्या कचेरीत माझ्या टेबलाला टेबल लावून कुणीतरी येऊन बसावं, तसं मला वाटत होतं.

विहिरीवर पाय धुऊन मामा ओटीवर येऊन बसले. वडिलांनी त्यांच्यासमोर पत्रिका ठेवली आणि पुन्हा कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "आधीच सांगतो. सप्तमात शनी आहे. लपवाछपवी नको."

मामांनी चष्मा लावला आणि पत्रिका बराच वेळ बघितली. आत्या खळ्यात तुडवलेली आमसुलं वेगळी काढत होती आणि आम्हाला ऐकू येईल असं पुटपुटत होती.

"शनी आसा," मामा शेवटी म्हणाले. "पण आमचो झिल रोज थंयच कामाक जाता. घरात थोडो शनी असलो तर तेका परक्यासारख्या वाटाचा नाय." त्यांनी पत्रिकेची गुंडाळी केली. "आणि डोळे बांधलेल्या माणसाक गोठ्याच्या दारातसून परत आणता, ता चेडू पत्रिकेत कित्याक बघूक होया?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी मुलीकडे. ती आत गेली होती.

निघताना ती पायरीशी भेटली. आई आणि मामा पुढे गेले होते, म्हणजे मुद्दामच गेले होते. "एक विचारायचं राहिलं," ती म्हणाली. "शनीपर्यंत गेल्यावर ते परत कधी येतं?"

"परत येत नाही," मी म्हटलं. "पुढेच जात राहतं."

तिनं क्षणभर अंगणाकडे, पलीकडच्या माडांकडे बघितलं. मग म्हणाली, "मला मात्र दोन-तीन वर्षांनी एकदा यायला मिळालं पाहिजे."

हा होकार होता हे कळायला मला देवळापर्यंतचा रस्ता लागला.

पाऊस सुरू व्हायच्या आत लग्न झालं. जेवणात सोलकढी होती. मामांच्या पानात आत्यानं स्वतः येऊन वेगळ्या भांड्यातली वाढली आणि ती त्यांच्याच आमसुलांची आहे हे सगळ्या पंगतीला सांगितलं. मामांनी ती दोनदा मागून घेतली.

पुढच्या वर्षी माझी पत्नी अमेरिकेला आली. त्या सुमारास मंगळाकडे पुन्हा यान सुटलं होतं आणि त्याची वाट सुधारायच्या कामाला आमच्या खात्यातल्या काही जणांना लावलं होतं, त्यात मी होतो. आमच्या गणितात नि दुसऱ्या एका गटाच्या गणितात फरक पडत होता. काही दिवस मी घरी फक्त आंघोळीला येत होतो आणि आल्यावरही भिंतीकडे बघत बसायचो. शेवटी गणितं जुळली, हुकूम गेला, धक्का बसला आणि यानाचा सूर जसा उतरायला हवा तसाच उतरला.

दुपारी घरी आलो. तिनं डब्यातल्या माशांचं सार केलं होतं. ताजा मासा तिला तिथे अजून सापडला नव्हता.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. अगदी मनासारखं झालं."

"किती वेळ चाललं इंजिन?"

"पाच-सहा सेकंद."

तिनं माझ्या ताटात भात वाढला, त्यावर सार घातलं आणि समोर बसली. "एवढ्यासाठी तुम्ही आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीत?"

मी तिला सांगायला लागलो, की सेकंद थोडे असले तरी त्याआधी तो धक्का कुठल्या दिशेला आणि किती द्यायचा हे ठरवायला किती माणसं लागतात, आणि तो चुकला असता तर यान मंगळापासून किती लांबून गेलं असतं. तिनं मला मध्येच थांबवलं.

"आधी जेवा," ती म्हणाली. "यान काय, ते जाणारच आहे."

मी जेवलो आणि तिथेच सोफ्यावर झोपलो तो दुसऱ्या दिवशी उठलो.